हळू बोलणाऱ्या तांबोळी मॅडम

तांबोळी मॅडम इतक्या हळू बोलत, की त्यांचं ऐकायला खुर्ची ओढून जवळ बसावं लागे. बावधनच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांत मोठ्या आवाजाचा मी, आणि नेमका त्यांच्या शेजारी! "शेजारच्याला ऐकू गेलं की बास," त्या म्हणायच्या. "पुढचं तो सांगतो."

मूळच्या पौडच्या. बाजारात वडिलांचं किराणा दुकान. कोळवण खोऱ्यात आमच्या वाडीवरचा डोंगर सरकू लागला तर आधी कळावं, म्हणून त्यांनी उतारावर वायरलेस डबे बसवले होते. एक डबा दुसऱ्याला सांगणार, दुसरा तिसऱ्याला, असं करत निरोप आमच्या स्क्रीनवर. पहिल्या वर्षी सगळे डबे पूर्ण ताकदीनं सगळ्यांशी बोलायचे. पावसाळ्यात मुळशी तालुक्यात ऊन कुठलं? सौरपट्ट्या नावालाच, ऐन पावसात बॅटऱ्या संपल्या. मग मॅडमनी प्रत्येकाचा आवाज दोन शेजाऱ्यांपुरता उतरवला. त्यातला एक जागा, दुसरा बॅटरी वाचवायला झोपवलेला. "ओरडणारा लवकर दमतो रे. आणि एकाच शेजाऱ्यावर भिस्त ठेवू नये."

मला ते झोपवणं मुळीच पटलं नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी माझी आई एकटी राहते.

त्या दुपारी पाऊस नुसता कोसळत होता. आमच्या घराच्या वरच्या उतारावरचा डबा एकदम गप्प झाला, आणि त्याच्यामार्फत येणारे वरचे निरोपही थांबले. आईला फोन लावला, उचलेना. डबा दरडीबरोबर गेला असेल, तर खालचं घर?

"सगळे फुल पॉवरवर टाका!" मी किंचाळलो.

"नको. संध्याकाळपर्यंत सगळे मुके होतील, आणि पाऊस तर अजून चढतोय. सरपंचांना कळवलंय, माणसं निघालीत. झोपलेल्याला उठू दे."

"अहो, माझी आई आहे तिथं!"

"म्हणूनच."

शेजाऱ्याची हाक चुकली की झोपलेला डबा आपोआप उठतो, हे मला पाठ होतं. पण त्या वेळी माझा कशावरच विश्वास उरला नव्हता. मी देवाला काय काय बोललो, आठवत नाही. मग दुसऱ्या वाटेनं निरोप आले. उतार जागच्या जागी होता. मी टेबलावर डोकं टेकून रडलो.

तेवढ्यात सरपंचांच्या फोनवरून आई बोलली. "आरं, डबा बिचारा भिजत व्हता. वर जाऊन घमेलं पालथं घातलं त्याच्यावर. चुकलं का काय?"

लोखंडी घमेलं! त्याच्याआडून वायरलेसचा आवाज जाणार कसा? मॅडम हसून एवढंच म्हणाल्या, "म्हणावं, पुढच्या खेपेला प्लास्टिकचं घाला."

मागच्या वर्षी मॅडम आजारपणात गेल्या. शेवटचं भेटलो तेव्हा विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला भीती कशी नाही वाटली हो?" त्यांनी हातानं जवळ बोलावलं. मी कान नेला.

"लई वाटली. मोठ्यानं बोलले असते तर आवाज कापरा झाला असता. तुला कळलं असतं."

कोळवणवर ढग उतरले की अजूनही मला भीती वाटते. अशा वेळी मी शेजारच्यांशी हळू बोलतो.