देवकामायचं उपाशी झाड

देवकामाय कुणालाही आधी "जेवलास का?" विचारायची. केशोरीतल्या माझ्या खताच्या दुकानात आली तरी आधी हाच प्रश्न, खताचं नंतर. मी नाही म्हटलं की पदराची गाठ सोडून मुरमुरे पुढे करायची. उपाशी माणूस तिला बघवायचाच नाही.

झाडही बघवायचं नाही. नवऱ्यानं धानाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लावलेला आंबा तो वारल्यावर चांगला ताडमाड वाढला होता, पण मोहर कधी आला नव्हता. सावलीत धान पिकत नाही म्हणून पोरगा गोपाल कुऱ्हाड घेऊन तयार. एक साल थांब, एवढं तिनं त्याच्याकडून कसंबसं कबूल करून घेतलं आणि माझ्याकडे आली.

"बापू, तो काऊन फळत नसन?"

"युरिया देता का त्याला?"

"धानाले देतो तेव्हा त्यालेही देतो. धानानं खावं अन् त्यानं पाहत राहावं काय?"

मी कपाळावर हात मारला. धानाच्या हिशेबानं आंब्याला पोसत होती बिचारी! नुसता पाला वाढणार नाही तर काय? युरिया बंद, आणि पावसाळा सरला की मोहर फुटेपर्यंत पाणीही बंद, असं मी बजावलं. तिचे डोळे भरून आले.

"उपाशी ठेवू त्याले?"

ठेवलं. पण स्वतःही एकच वेळ जेवू लागली. मी रागावलो, या वयात हे काय खूळ म्हणून. तर म्हणाली, "त्याले उपाशी ठेवून माह्या गळ्याखाली घास कसा उतरन?" या बाईपुढे माझं कधी चाललं नाही.

मोहर आला. वाटाण्याएवढी फळं गळायला लागली तेव्हा मी स्वतः जाऊन गळ थांबवणारं संजीवक फवारलं. ती खाली उभी राहून झाडाची समजूत काढत होती, "थोडं कडू लागन, पिऊन घे."

उन्हाळ्यात पिकलेला पहिला आंबा तिनं गोपालच्या हातात दिला. त्यानं कोय चोखून पांढरी केली. कुऱ्हाडीचं नाव पुन्हा निघालं नाही. आंबे उतरले तसं तिनं झाडाला पोटभर शेणखत घातलं, आणि त्याच पावसाळ्यात तापानं गेली. मला दुकान उघडवेना.

हिवाळ्यात गोपाल दुकानात आला. गालफडं बसलेली. मी तिच्यासारखंच आधी विचारलं, "जेवलास का?"

"रात्री जेवीन, दादा," तो म्हणाला. "झाड उपाशी आहे ना."