रेचलच्या घरची शाळा

रेचल साळवेच्या घरात शाळा भरायची ती भाकरीचा तवा उतरल्यावर. शिरूरच्या जुन्या मिशनच्या आवारामागं एक बोळ आहे. तिथल्या पत्र्याच्या दोन खोल्यांपैकी पुढची खोली म्हणजे वर्ग, कारखाना, बैठक, जे म्हणाल ते. एका भिंतीला रबरी पार्टांची पोती, दुसऱ्या भिंतीवर खडूनं लिहिलेली बाराखडी आणि मधे चटईवर एक विद्यार्थिनी. विद्यार्थिनी एकच, पण थाट भरल्या वर्गाचा. प्रार्थना व्हायची, हजेरी व्हायची. "एस्तेर जॉन्सन साळवे!" असं रेचल हातातलं ब्लेड खाली ठेवून पुकारायची, आणि हातभर अंतरावर बसलेली तिची लेक "हजर, मॅडम!" म्हणून ओरडायची. मग दोघी हसत सुटायच्या.

हौस म्हणून पोरीला घरी बसवून शिकवणारे लोक मोठ्या शहरात असतील. शिरूरच्या बोळात अशी हौस परवडत नाही. एस्तेर पहिलीत होती तेव्हा एका सकाळी तिचं तोंड सुजलं, मग पाय सुजले. आधी सगळ्यांना वाटलं, गांधील चावली असेल. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात कळलं की हे मूत्रपिंडाचं दुखणं आहे, अंगातलं सत्त्व लघवीवाटे निघून जातं. एक गोळी सुरू झाली. त्या गोळीनं सूज उतरायची, पण वर्गातल्या कुणाची सर्दी लागली की दुखणं पुन्हा उलटायचं. काही काळ गर्दीपासून लांब ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. दोनदा शाळेत घातली, दोनदा काढली. शेवटी रेचलनं पदर खोचला. "म्या शिकवीन. बारावी झालीय माझी, सर्टिफिकेट काय भाजी बांधाया न्हाई आणलं," असं ती नवऱ्याला म्हणाली.

जॉन्सन स्वभावानं गरीब. रांजणगावच्या एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली होता, खाडा झाला की पगार कापला जायचा. रेचलही आधी त्याच कंपनीच्या बसनं जायची, पार्ट तपासायच्या टेबलावर उभी राहायची. पोरीसाठी तिनं ते काम सोडलं आणि घरी पोती आणली. साच्यातून निघालेल्या रबराच्या कडेला जी नको ती झालर राहते, ती ब्लेडनं कापून टाकायची. बोटं काळी होतात आणि मान अवघडून जाते, पण बसल्या जागी पोरीचे पाढे ऐकता येतात. रेचलला तेवढं पुरे होतं.

आता तिची शिकवायची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीमुळं झालं. रेचलचे वडील शमुवेल शब्बाथशाळेचे मास्तर होते. रविवारी पोरं जमली की ते बायबलातलं वचन एकदा म्हणायचे, दुसऱ्यांदा म्हणायचे, मग पोरांनी म्हणायचं. पुस्तक नंतर उघडायचं आणि तोंडी आलेलं बोटाखाली शोधायचं. आधी कानानं, मग तोंडानं, मग डोळ्यांनी. रेचल तशीच वाचायला शिकली, तिची भावंडं तशीच शिकली. शाळेतल्या पोरांच्या आधी त्यांना अस्खलित यायचं, याचा त्या घराला केवढा अभिमान! तिनं लेकीलाही त्याच वाटेनं नेलं. ब्लेड चालवता चालवता ती धडा मोठ्यानं वाचायची, दोनदा. मग एस्तेर पुस्तक मांडीवर घ्यायची, ओळीखाली बोट धरायची आणि एकदाही न अडखळता सगळा धडा म्हणायची. कविता, गणिताची शाब्दिक उदाहरणं, नद्यांची माहिती, सगळं. रेचलची छाती फुगायची. चौथीचं पुस्तक पोरीनं पाण्यासारखं संपवलं होतं. एकच स्वप्न उरलं होतं. दुखणं आता बरंच आटोक्यात होतं आणि डॉक्टरही हो म्हणत होते. तेव्हा जूनमध्ये एस्तेरनं गणवेश घालून पाचवीच्या वर्गात बसावं, वयाच्या पोरींबरोबर, मागं न पडता.

तसं सासूला ही शाळा कधी पटली नाही. दयाबाई दौंडला राहायच्या आणि तिथूनच बोल लावायच्या. "घरात बसून कोण शिकलंय? पोरगी अडानी ऱ्हाईल, मंग बोंबला." म्हणून रेचलनं मुद्दाम ईस्टरनंतरच्या रविवारी एस्तेरला दौंडला नेलं. त्या दिवशी देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, उपासनेत मुलांनी शास्त्रपाठ वाचायचा होता. सूज नसलेली, चापूनचोपून वेणी घातलेली एस्तेर आजीचा हात धरून पुढं गेली, आईनं घरून आणून उघडून दिलेल्या बायबलवर बोट ठेवलं आणि एक लांबलचक स्तोत्र खणखणीत आवाजात वाचलं. पान उलटायचं तिथं पानही उलटलं. दयाबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. बाहेर आल्यावर त्या सुनेला म्हणाल्या, "माझं चुकलं ग बाई. तू सोनं केलंस पोरीचं." रेचल एसटीत शिरूरपर्यंत हसत होती. एवढ्या वर्षांत सासरच्या कुणी तिला शाबासकी दिली नव्हती.

त्या घराचं दुसरं भांडण त्याच्या बरंच आधीचं, एस्तेर तिसरीच्या पुस्तकावर होती तेव्हाचं, आणि ते पोपटरावांशी होतं. पोपटराव मूळचे बागायतदार, टेम्पो घेऊन कंपनीचा माल घरोघर पोचवायचं काम त्यांनी सुरू केलं होतं. माणूस गोड बोलायचा, पण दर पाडून द्यायचा. कंपनीत हेच काम करणाऱ्या बायांना पगार, सुट्टी, फंड. बोळातल्या बायांना किलोवर मजुरी, तीही झालर कापून उरलेल्या वजनावर. म्हणजे जितकं काम जास्त, तितका माल हलका! रेचलला हा हिशोब सहन होईना. तिनं शेजारच्या ताईबाईंना आणि बाकीच्या बायांना गोळा केलं. नगावर मजुरी द्या, नाहीतर पोती उचला, असं ठरलं. पोपटरावांनी बोलणी करायला एक दिवस दिला.

नेमक्या त्याच दिवशी पुण्याला जायचं होतं. ती गोळी डोळ्यांवर उतरू शकते, म्हणून मधून मधून डोळे दाखवत जा, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. पहिल्यांदा दाखवले तेव्हा डोळे स्वच्छ निघाले होते. दुसरी तारीख ही होती.

"तुमी जाता का हिला घेऊन?" रेचलनं जॉन्सनला विचारलं.

"आधीच दोन खाडे झालेत. सुपरवायझर ठेवायचा न्हाई मला."

रेचलनं क्षणभर विचार केला. ती नसली तर बाकीच्या बाया पोपटरावांपुढं तोंड उघडणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. "जाऊ द्या मंग," ती म्हणाली, "डोळं कुठं पळून चाललेत? पुढच्या बारीला दावू."

त्या दिवशी ती अशी काही बोलली की पोपटरावांचा गोडवा पार उतरला. नगावर मजुरी मिळाली. ताईबाईंनी तिला सगळ्यांसमोर मिठी मारली. पुढची बारी मात्र आली नाही. कधी एस्तेरला ताप होता, कधी बस चुकली, कधी गोळीचा डोस कमी झाला म्हणून वाटलं, आता काय होतंय. शिवाय पोरगी घडाघडा वाचत होती. वाचणाऱ्या पोरीचे डोळे कोण तपासायला नेईल?

दिसत होतं, तेही रेचलनं दुसऱ्याच खात्यात टाकलं. एस्तेर उंबऱ्याला ठेचकाळायची, ते अशक्तपणानं. पुस्तक नाकाशी धरायची, ते लाडानं. अक्षर वेडंवाकडं यायचं, ते आळसानं. एकदा कापून झालेल्या पार्टांची पाटी तिच्या पायानं उलटली आणि चांगला माल कच्च्या मालात मिसळला. रेचलनं तिच्या पाठीत धपाटा घातला. "आंधळी हायस का?" असं ती ओरडली. आपल्याकडं हे वाक्य दिवसातून दहा घरांत म्हटलं जातं, आणि कुणाचं काही बिघडत नाही.

मे महिन्यात ती एस्तेरला घेऊन शाळेत गेली. मुख्याध्यापिका हर्षदा मॅडम समजूतदार बाई. "परीक्षा वगैरे नाही हो रेचलताई. जरा वाचून दाखवू दे, म्हणजे कुठं मदत लागेल ते कळेल," असं म्हणून त्यांनी पाचवीचं पुस्तक मधेच उघडून एस्तेरपुढं ठेवलं.

एस्तेर म्हणाली, "मम्मी, आधी तू वाच."

"आता तूच वाच, बाळ," मॅडम हसून म्हणाल्या.

एस्तेरनं पुस्तकावर बोट ठेवलं. थोडी थांबली. मग खणखणीत आवाजात सुरू झाली. झाडावरच्या सुगरणीच्या घरट्याचा धडा, एकेक वाक्य मोजून, स्वल्पविरामाला थांबून. रेचल मान डोलवत होती. दोन वाक्यं झाली आणि तिची मान थांबली. हा धडा चौथीतला होता. समोरच्या पानावर गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या कारागिरांचं चित्र होतं.

"एस्तू, काय चेष्टा लावलीय? म्होरचं वाच की!" रेचल तडकली. एस्तेर गप्प झाली आणि बोट ओळीवर पुढं सरकवत राहिली. ओळ संपली तरी बोट कोऱ्या कडेवर चाललंच होतं.

मॅडमनी हातानंच रेचलला थांबवलं. त्या आवाज न करता खुर्चीवरून उठल्या आणि बाजूला खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. एस्तेर रिकाम्या खुर्चीकडं बघत होती. "मॅडम, दुसरा म्हणू का?" असं तिनं त्या खुर्चीला अदबीनं विचारलं.

पोरगी वाचत नव्हती. कधीपासून वाचत नव्हती, देव जाणे. ती आईचा आवाज पाठ करत होती आणि बोट नुसतं फिरवत होती. दौंडच्या देवळातलं ते स्तोत्रही तिला पाळण्यातल्यापासून पाठ होतं. आणि पान? जिथं आई घरी पान उलटायची, तिथं तिनं उलटलं.

दुसऱ्या दिवशी जॉन्सननं खाडा केला. पुण्याच्या दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालून पोरीला बराच वेळ बसवलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, रागावून बोलली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मोतीबिंदू आहे, तो काढता येईल. पण गोळीनं डोळ्यांतला दाब वाढत गेला होता, आणि दाबानं सुकलेली नस पुन्हा हिरवी होत नाही. डावा डोळा गेल्यात जमा. उजव्यात थोडा उजेड आहे, औषधं आणि ऑपरेशन करून तो राखायचा प्रयत्न करू.

"मधल्या तपासण्या झाल्या असत्या तर दाब तेव्हाच कळला असता," ती म्हणाली. "वर्गात फळ्यावरचं दिसत नाही, अशी बाईंची तक्रार नाही आली?"

जॉन्सन खाली बघू लागला. "हिच्या बाई मीच," असं रेचल म्हणाली.

हर्षदा मॅडमचा निरोप आला की जूनमध्ये पोरीला खुशाल पाठवा, कमी दिसणाऱ्या मुलांसाठी विशेष शिक्षिका येतात, पुढच्या बाकावर बसवू. मॅडमचे उपकारच. पण रेचलला ते ऐकून आनंद झाला नाही. तिनं जी पाचवी मनात धरली होती, त्या वर्गातली एस्तेर फळ्यावरचं लिहून घेत होती.

चार दिवस रेचलनं पोतं उघडलं नाही. ताईबाई येऊन म्हणाल्या, "अगं, तुज्यामुळं आमाला नीट पैसं मिळाया लागलं, आन् तूच अशी बसलीस व्हय?" बिचारीनं धीर द्यायला म्हटलं, पण रेचलला ते सुरीसारखं लागलं. कुणाला तोडून बोलावं, असं कुणीच समोर नव्हतं. मजुरी मागितली ते चूक नव्हतं. पोरीला घरी ठेवलं तेही चूक नव्हतं. शिकवलं तर जीव ओतून. इतकं सगळं बरोबर करून हे झालं होतं, आणि या दुःखाला धरायला मूठच नव्हती.

पाचव्या दिवशी दुपारी एस्तेर डोळ्यांत औषध घालून मिटल्या पापण्यांनी पडली होती. रेचल तिच्या उशाशी बसली. विचारायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण तोंडातून निघून गेलं.

"एस्तू, आगं, दिसत न्हाई म्हणून एकदा तरी सांगायचं न्हाईस का ग मला?"

"सांगितलं व्हतं की," एस्तेर सहज म्हणाली. "अक्षरं पुसट दिसत्यात म्हणलं. तू पार्ट कापत व्हतीस. तू म्हणलीस, लक्ष दिलं की नीट दिसतील."

रेचल आठवू लागली. कुठला दिवस, कुठला धडा, आपण वर तरी पाहिलं का? काहीच आठवेना. पोरीनं सांगितलं होतं, आणि आईला त्याची साधी आठवणही राहिली नव्हती. तिनं तोंडात पदर कोंबला, तरी हुंदका बाहेर फुटलाच.

तो आवाज ऐकून एस्तेरनं चाचपडत तिचा गुडघा धरला. "मम्मी, रडू नको ना. मंग मी लई लक्ष दिलं. तरीबी न्हाई दिसलं," ती म्हणाली. "माजंच चुकलं. मी अजून एकदा सांगाया पायजे व्हतं."