पुडीत काय होतं, डॉक्टरकाका?

आज अख्खं गोडदेव ज्यांच्यासाठी हळहळतंय, त्या डॉक्टरांनी माझ्या आईला फसवलं होतं.

सकाळपासून जुन्या बिल्डिंगच्या ग्रुपवर हात जोडलेले इमोजी येतायत. ‘देवमाणूस गेला.’ ‘त्यांच्या हाताला गुण होता.’

होता ना. मीही तेच म्हणायचे.

नव्वदच्या आसपास आम्ही लालबागची खोली सोडून भाईंदर ईस्टला, गोडदेवला आलो. चौथा मजला, लिफ्ट नाही, नळाला पाणी नाही. टँकर आला की आई हंडे घेऊन जिने चढायची. वर्षभरात तिच्या गुडघ्यांनी मान टाकली आणि डॉक्टरकाका आमच्या घरचेच झाले.

माझी कावीळ, भावाचा टायफॉइड, बाबांचं बीपी, सगळं त्यांनीच पाहिलं. रस्त्यात पाणी भरलं तरी पँट दुमडून यायचे. हे मी नाकारत नाही.

आईच्या गुडघ्यांसाठी ते पुड्या द्यायचे. कागदाच्या घडीत पांढरी पावडर. सकाळ-संध्याकाळ एकेक, जेवल्यावर.

नाव नाही, चिठ्ठी नाही.

आई विचारायची, “कसली हो ही?”

ते हसायचे. “वहिनी, तुमच्यासाठी स्पेशल बनवलीये.”

स्पेशल म्हटल्यावर आईचा अर्धा गुडघा तिथेच बरा व्हायचा.

मध्ये नाक्यावर एक नवीन लेडी डॉक्टर आली होती. तिने आईला सरळ सांगितलं, “मावशी, दुकानातली साधी गोळी पुरेल. शेक द्या आणि हंडे उचलू नका.”

आई घरी येऊन अशी भडकली! “दुकानातली गोळी मला माहीत नाय होय? एवढंच सांगायला डॉक्टर झाली ती?”

मी पण हसले होते. त्या बाईंकडे आम्ही परत गेलो नाही.

आईचं डोकंही दुखायचं. त्यासाठी मी खालच्या किराणावाल्याकडून गोळी आणायचे. शाम्पूच्या पाकिटांशेजारीच टांगलेली असायची. कधी एक, कधी दिवसाला तीन.

“मम्मी को फिर सरदर्द?” तो विचारायचा आणि फाडून द्यायचा.

मी कॉलेजात टीवायला होते. एका दुपारी आईला रक्ताची उलटी झाली.

बोरिवलीच्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर होता. त्याने विचारलं, “कुठली औषधं चालू आहेत?”

आईचे ओठ पांढरे पडले होते, तरी म्हणाली, “औषध फक्त आमच्या डॉक्टरांचं. बाहेरचं मी काय पण घेत नाय.”

किराणावाल्याची गोळी तिच्या लेखी औषध नव्हतीच. ती मी सांगितली.

“आणि पुड्यांमध्ये काय आहे?”

मला माहीत नव्हतं. बाबांनाही नाही.

“मग विचारून या. लगेच जा.”

मी रिक्षाने निघाले. चेकनाक्याला रिक्षा बदलली, काशीमीऱ्याला ट्रकांच्या मध्ये अडकले. तेव्हा मला राग वगैरे काही नव्हता. उलट वाटत होतं, काकांना कळलं की दवाखाना तसाच टाकून माझ्याबरोबर निघतील.

दवाखाना भरलेला होता. मी सगळ्यांसमोरच विचारलं, “काका, आईला रक्ताची उलटी झालीये. पुडीत काय होतं?”

“आत ये.”

आत गेल्यावर म्हणाले, “जरा हळू बोल ना. बाहेर पेशंट बसलेत.”

आई कशी आहे, हे आधी विचारलं नाही. मी हे अजून विसरू शकलेली नाही.

“साधं पेनकिलर आहे, सांग त्यांना.”

“नाव हवंय त्यांना.”

त्यांनी एका कागदावर लिहून दिलं.

अ‍ॅस्पिरिन.

मी आणायचे त्या गोळीच्या पाकिटावरही हेच छापलेलं असायचं. त्यांनी ती कुटून पुडीत बांधली होती, एवढाच फरक.

“म्हणजे तुमची आणि दुकानातली एकच?”

“अगं, नाव सांगितलं असतं तर तुझ्या आईने दुकानातून आणून हवी तेवढी खाल्ली असती. आणि तीच गोळी मी हातावर ठेवली असती, तर तिला गुण आला असता का? तूच सांग.”

त्याचं उत्तर आज सांगते.

साधी गोळी दिलीत यात वाईट काहीच नव्हतं, काका. स्वस्तातलं औषध लागू पडत असेल तर डॉक्टरने खुशाल तेच द्यावं. पण नाव सांगून. नाव कळलं असतं तर मी वरून आणखी गोळ्या आणल्या नसत्या. माझ्याच हातांनी आईला देत होते मी त्या.

दोन्हीकडच्या अ‍ॅस्पिरिनने तिच्या पोटात जखम झाली होती. बाटल्यांवर बाटल्या रक्त चढवून आई वाचली.

ती घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरकाका भेटायला आले. आईने उठून बसायची धडपड केली आणि हात जोडले. “तुमच्या पुण्याईने वाचले हो, डॉक्टर.”

मी दारात उभी होते. मला वाटलं, आता सांगतील.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही. मग आईच्या हातावर थोपटून म्हणाले, “आराम करा, वहिनी.”

आणि मी केलेला चहा पिऊन गेले.

आईला मीही कधी सांगितलं नाही. जिने उतरायची ताकद आल्यावर ती सगळ्यात आधी कुठे गेली असेल? त्यांच्याच दवाखान्यात. तिला विश्वास टाकायला तेवढं एकच ठिकाण होतं, ते माझ्याच्याने मोडवलं नाही. ती जाईपर्यंत तिच्यासाठी ते देवमाणूसच राहिले.

आज ती असती तर दोन दिवस जेवली नसती.

म्हणून तिच्या वतीने, डॉक्टरकाका, तुम्हाला श्रद्धांजली. अगदी भावपूर्ण.

माझ्या वतीने लिहायला बसले होते. नाही जमलं.