कोल्लमपर्यंत शिडानंच!

किस्से जमवायला हुशारी लागत नाही, नुसतं दमलेलं असावं लागतं. ताजातवाना माणूस मुक्कामाला पोहोचतो, फोटो टाकतो, संपलं. दमलेला वाटेत अडकतो, चिडतो, भांडतो आणि घरी येतो तेव्हा त्याच्याकडे सांगायला चिक्कार असतं. ऑक्टोबरपासून आमच्याकडे इतकं साठलंय की लोक आम्हाला जेवायला बोलवायला घाबरतात!

आम्ही म्हणजे अण्णा, मिलिंद आणि मी. अण्णा बसवनगुडीचे. घराणं कितीतरी पिढ्या बंगळूरचं, त्यामुळे मराठीत कानडी विरघळलेली. मिलिंद नागपूरचा, सर्जापूर रोडवर राहतो, प्रोजेक्ट मॅनेजर आहे. मी पुण्याची, त्याच्याच ऑफिसात टेस्टर. रिटायर झाल्यावर अण्णांनी गॅरेजमध्ये स्वतःच्या हातानं शिडाची बोट बांधली आणि रविवारी तळ्यावर आम्हाला चालवायला शिकवली.

आता ते घर बिल्डरकडे गेलं. नव्या फ्लॅटमध्ये बोटीला जागा नाही. कोल्लमला अण्णांचे एक मित्र मुलांना शीड शिकवतात, बोट त्यांना द्यायची ठरली. टेम्पोत घालून थेट पाठवता आली असती.

"टेम्पोतनं सामान जातं," अण्णा म्हणाले. "बोट पाण्यातनं जाते."

म्हणून केरळात कोडुंगल्लूरला बोट पाण्यात सोडायची आणि कालवे, खाड्या, सरोवरं धरत दक्षिणेला कोल्लमपर्यंत जायचं. इंजिन नाही. कोडुंगल्लूरपर्यंत टेम्पोच करावा लागला, पण तो विषय अण्णांसमोर काढायचा नाही!

*

निघायच्या आधी आयुधपूजा. त्या दिवशी बंगळुरात सायकलीपासून बसपर्यंत सगळ्यांना हार पडतात. कमलाक्कांनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, बोटीलाही घातला. कुंकू लावलं, कोहळा फोडला. मग चाकाखाली लिंबू ठेवायची वेळ आली. बोटीला चाकं कुठली? अक्कांनी स्वल्प विचार केला आणि लिंबू अण्णांच्या चपलेखाली ठेवलं.

"चालवणार हेच. हं, तुडवा!"

"अक्का, आता एकदा आत बसून तरी बघा," मी म्हटलं.

"पूजा करते. बसत नाही. माझं गॅरेज गिळलंय तिनं."

अण्णा इतकी वर्षं हेच विचारत आले होते आणि अक्कांचं उत्तरही ठरलेलं होतं, "बोट जाईल त्या दिवशी बसते." या वेळी अण्णा म्हणाले, "मग कोल्लमला ये. ट्रेननं." अक्का "सरी" म्हणाल्या, म्हणजे "बरं". त्या एका "सरी"साठी हा माणूस दुखऱ्या गुडघ्यांनी निघाला होता. बोटीत अण्णांनी एक नवीकोरी उशी ठेवली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. तिच्यावर बसायची कुणाला परवानगी नव्हती. मिलिंद एकदा नुसता टेकला तर त्याला असं झापलं की बिचारा दिवसभर बोटीच्या कडेवर बसून राहिला.

*

मिलिंदला रोज सकाळी मीटिंग लागते. तीही उभ्यानं, कारण उभी माणसं कमी बोलतात असं त्याचं म्हणणं. पहिल्या सकाळी त्यानं आम्हाला बोटीतही उभं केलं! "काल काय झालं, आज काय करायचं, अडचण काय?"

अडचण सांगायची गरजच पडली नाही. बोट कलली. शेगडी पाण्यात, चहाचं पातेलं पाण्यात, साखरेचा डबा पाण्यात. अण्णांनी झडप घातली आणि एकच वस्तू वाचवली. उशी!

"अण्णा, शेगडी धरायची ना!" मी ओरडले.

"शेगडी कुठंही मिळते," ते शांतपणे म्हणाले. "आणि मिलिंदा, उद्यापासून झोपून मीटिंग घे."

पुढचे सगळे दिवस आम्ही केळ्याच्या वेफर्सवर काढले.

*

एका कालव्यात जलपर्णीनं आम्हाला असं धरलं की बोट पुढे जाईना, मागेही येईना. सकाळची दुपार झाली. मिलिंदनं लॅपटॉप काढून कॉल घेतला. मी मेल उरकले. अण्णांनी टोपी तोंडावर घेतली.

बाजूनं जाणाऱ्या होडीतल्या माणसानं काळजीनं इंग्रजीत विचारलं, "अडकलात का?"

मिलिंदनं हेडफोन काढून त्याच्याकडे आश्चर्यानं बघितलं. "छे हो! ट्रॅफिक आहे, सरकतंय हळूहळू."

रोज आउटर रिंग रोडनं ऑफिसला जाणाऱ्या माणसाला जलपर्णी काय घाबरवणार!

*

खरा जीव काढला पुलांनी. ठेंगणा पूल आला की डोलकाठी उतरवायची, वल्ह्यांनी खालून जायचं, पलीकडे काठी पुन्हा उभी करायची. खांदे भरून आले होते, हाताची सालं निघाली होती. एका बाजाराजवळ काठी उभी करून दोर बांधले आणि मी नि मिलिंद भांडायला लागलो. चूक कुणाची, हे आता आठवत नाही. एवढ्यात काठावरून अस्सल सांगलीकडचा आवाज आला.

"भांडू नका! वळणापल्याड अजून एक पूल हाय!"

सोनं गाळायच्या धंद्यात तिकडची माणसं केरळात गावोगावी आहेत, हे त्यांतलेच एक. त्यांनी चहा पाजला, चौकशी केली. शिडाच्या बोटीनं, तेही बंगळूरहून, म्हटल्यावर ते आमच्याकडे बघतच राहिले.

"बंगळूरला बोट? तिथं प्यायला टँकर लागतो म्हणं की!"

अण्णा एवढे हसले की चहा सांडला. आम्ही दोघांनी मात्र निमूटपणे काठी परत उतरवली.

*

अक्का रोज फोन करायच्या. "कुठं आलात?"

"स्वल्प पुढं."

"काल पण तेच सांगितलं."

शेवटी त्या ठरल्या दिवशी कोल्लमला पोहोचल्या आणि आम्ही अजून कायमकुळमच्या खाडीत! एक हाउसबोटवाला दोर टाकून ओढून न्यायला तयार होता. माझी रजा संपत आली होती, पाठ मोडली होती. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "अण्णा, घ्या ना तो दोर. कुणाला कळणार आहे?"

"तिनं विचारलं तर काय सांगू?" ते म्हणाले. "ओढून आणली म्हणून?"

दोर परत गेला. मला त्यांचा इतका राग आला होता की संध्याकाळचे वेफर्स मी एकटीनंच संपवले.

*

आणि मग कोल्लम. अष्टमुडी सरोवर, दुपार, समोर धक्का आणि धक्क्यावर छत्री घेऊन अक्का. तेवढ्यात वारा पडला. झाडाचं पान हलेना. मिलिंदनं वल्ह्याला हात घातला तर अण्णांनी नुसतं बघितलं. त्यानं हात काढून घेतला.

फोन वाजला. "दिसताय. या की!"

"वारं नाही," अण्णा म्हणाले.

"मग?"

"मग काय. बसलोय."

फोन बंद झाला. थोड्या वेळानं एका कोळ्याची होडी आमच्याकडे यायला लागली. मधोमध छत्री! होडी येऊन टेकली. अक्कांनी आधी डबा आत दिला, मग छत्री, मग मिलिंदचा खांदा धरून स्वतः उतरल्या. अण्णांनी उशीचं प्लॅस्टिक काढलं. अक्का बसल्या. चौघांनी मिळून, अक्कांनी अण्णांच्या मित्राकडे शिजवलेला बिसीबेळे भात खाल्ला. शेगडी बुडाल्यापासून पहिल्यांदा आम्ही गरम खात होतो. मला रडू आलं, ते मी मिरचीवर ढकललं.

डबा संपला आणि वारा आला. शीड भरलं. मिलिंदनं आनंदानं सुकाणू धक्क्याकडे वळवलं.

अक्का उशीवरून म्हणाल्या, "तिकडं कशाला वळवतो रे? सरळ जाऊ दे की."