पाटलाची साक्ष

"मेली ढोरं वढता वढता आता जिती ढोरं तपासाले लागले हे लोक."

अकोल्याच्या आयकर कचेरीतला बाबू हे शेजारच्या टेबलाकडे पाहून बोलला. शेजारचा हसला. मी समोरच उभा होतो.

मी तेव्हा अकोटला गुरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होतो. माझे वडील, आबा, गावातली मेलेली ढोरं ओढत. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्यांनी ते काम सोडलं. घरात चूल पेटली नाही असे दिवस गेले, पण दोराला पुन्हा हात लावला नाही. बाबूला हे ठाऊक नव्हतं. त्याला फक्त माझी जात ठाऊक होती.

माझ्या पगारातून कर जास्त कापला गेला होता. चूक सरकारची. ते पैसे परत मिळायचे होते. तेवढ्यात वरून हुकूम आला की परताव्याची सगळी प्रकरणं पुन्हा तपासा. सगळ्यांचेच पैसे अडकले. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण माझ्याबरोबर अर्ज केलेल्या आमच्या मोठ्या डॉक्टरांचे पैसे उन्हाळ्यात सुटले. माझे नाही. धाकटी बहीण नुकतीच मॅट्रिक झाली होती. अमरावतीच्या कॉलेजात तिला घालायचं ते याच पैशांवर ठरलं होतं.

"माझंच काहून अडलं?" मी बाबूला विचारलं.

"सायबाले शंका हाय. खासगी कमाई लपवली असंल म्हनून. तुमच्या लोकायपाशी येवढा पैसा कुठून आला, हे कोनीबी इचारंल. गावातला एखादा प्रतिष्ठित मानूस घेऊन या. त्यानं सायबापुढं तुमच्यासाठी शब्द टाकला, का पाहू मंग."

पगार सरकार देत होतं. कर सरकारच कापत होतं. आणि माझ्या इमानाची खात्री गावच्या पाटलानं द्यायची.

पाटलाला न्यायचं नाही, असं मी घरी येऊन सांगितलं. आबा मला न सांगता पाटलाकडे गेले.

"पाटील येतो म्हने," परत आल्यावर ते म्हणाले. माझ्याकडे पाहत नव्हते.

"तुमी काय बोलले त्यायले?"

"काई नाई. चपला काढून उभा रायलो."

आबांचं मन मोडवेना म्हणून दुसऱ्या दिवशी मी एस.टी. स्टँडवर गेलो. पाटील आले. धुतलेलं धोतर, डोक्यावर पागोटं. चार लोकांत मोठ्यानं म्हणाले, "तुह्या बापाच्या तोंडाकडं पाहून येऊन राहिलो. सायबाले सांगतो, पोरगा आपलाच हाय. पर माह्या गोठ्यात जनावर बिमार पडलं, का पयले माह्या घरी याचं. दवाखाना मंग."

ते रागात नव्हते. हसत होते. आपण भलं करतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं. तेच माझ्या अंगाला झोंबलं. आबांनी दोर टाकला होता आणि मी तो माझ्या गळ्यात घालून घ्यायला निघालो होतो.

"पाटील, तुमी घरी जा," मी म्हणालो. "जनावर दवाखान्यात आना. सगळे आनतात तसं."

"अन् पैशाचं?"

"ते माहे हायत. मी पाहतो."

एकटाच अकोल्याला गेलो. बाबूनं अडवलं. थांबलो नाही, सरळ साहेबांच्या खोलीत शिरलो.

"माझ्यासाठी कोणी शब्द टाकणार नाही," मी म्हणालो. "शंका कसली आहे ते लिहून द्या. मी लेखी उत्तर देतो."

"तुम्ही फार ताठ आहात," साहेब म्हणाले.

"हो."

लिहून काही दिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतंच. तपासणी चालू आहे, एवढंच ऐकायला मिळत राहिलं. कॉलेजचे प्रवेश संपले. मॅट्रिक झालेली माझी बहीण त्या साली लोकांच्या वावरात कापूस वेचायला गेली. एकदाच बोलली. "दादा, पाटलाले नेलं असतं, तर त्याच्या शब्दावर आलेल्या पैशानं मी कॉलेजात गेलीच नसती."

पैसे पुढच्या वर्षी आले. का अडले होते, का सुटले, कोणी सांगितलं नाही. बाबू म्हणाला, "सायबाले नमस्कार करून जा. त्यायनं मन मोठं केलं."

मी केला नाही. माझ्या पैशांवर त्यांनी मन मोठं करायचं कारण नव्हतं. बहिणीचं वर्ष मात्र कोणत्याच कचेरीनं परत केलं नाही.

आता आमच्या वस्तीतल्या कोणाचं काम कुठं अडलं, की मी रजा टाकून त्याच्याबरोबर जातो. विनंती करत नाही. कारण लेखी मागतो. ते हातात पडेपर्यंत तिथून हलत नाही.