नाताळच्या सकाळी माझ्या नंबरवरून गेलेला फोन

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी ख्रिस्ती आहे, दर रविवारी चर्चला जातो, पण चमत्कार, दर्शनं, आकाशातून आलेले आवाज... हे सगळं मी नेहमी इतरांसाठी सोडून दिलं. हिंगण्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटीत काढली. माल मापात बसला तर पास, नाही तर रिजेक्ट. घरीही मी तसाच. लिहायला बसलो ते एवढ्यासाठीच, की ही एक गोष्ट मला अजून कुठल्या मापात बसवता आलेली नाही.

मी नागपूरला सदरमध्ये राहतो, आईच्या वेळच्याच दोन खोल्यांच्या घरात. वय एकसष्ट. बायको विमल वारली, मूलबाळ नाही. रिटायर झाल्यावर वर्षभरात दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं आणि धंतोलीतल्या एका दवाखान्यात डायलिसिस सुरू झालं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी सातला मशीनला लागायचं, अकराला सुटायचं, ऑटोनं घरी येऊन पडून राहायचं.

डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, "किडनी द्यायला सख्खं कोणी आहे का? भाऊ, बहीण?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

खोटं बोललो. मला धाकटी बहीण आहे — सुलभा. आम्ही तिला सुलू म्हणायचो. तिनं काटोलच्या एका हिंदू मुलाशी लग्न केलं आणि मी तिच्यासाठी घराचं दार बंद केलं. आई माझ्याजवळ असायची, त्यामुळे सुलूची आणि आईची भेटही बंद झाली. पुढे दोन वर्षांनी आई गेली. सुलूला मी कळवलं ते दफन झाल्यावर, चौथ्या दिवशी, तेही एका नातेवाइकाकरवी. ती आली, एकटीच कब्रस्तानात जाऊन बसली आणि घराकडे न फिरकता परत गेली. त्यानंतर बारा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

याहून वाईट एक गोष्ट आहे. ती तोवर मी कोणालाच सांगितली नव्हती, विमललाही नाही. शेवटच्या संध्याकाळी विमल औषध आणायला गेली होती, खोलीत आई आणि मी दोघंच. आईनं विचारलं, "सुलू आली का?" मी म्हणालो, "निघाली आहे, रस्त्यात आहे." मग जीव जाईपर्यंत आई दाराकडे बघत होती.

डायलिसिस सुरू झालं त्या वर्षी नाताळच्या दोन दिवस आधी आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले. चर्चची कॅरल गाणारी मंडळी पुढच्या घरी गेली, हे मागे थांबले. माझी अवस्था बघून म्हणाले, "खरंच कोणी नाही का हो तुमचं?" का कोण जाणे, मी बहिणीचं बोललो. आईचं नाही. फक्त इतकंच, की बहीण आहे आणि मी तिच्याशी फार वाईट वागलो आहे.

ते म्हणाले, "माणसं चांगली झाली म्हणून देवानं मुलगा नाही दिला. आपण वाईट होतो तेव्हाच दिला. नाताळ म्हणजे दुसरं काय? आपण मागायच्या आधी दिलेली भेट. नुसती घ्यायची असते."

"देवाचं ठीक आहे," मी म्हणालो. "माणसाकडे मागायला तोंड लागतं."

ते चहा पिऊन निघून गेले.

नाताळ गुरुवारी आला, म्हणजे माझ्या डायलिसिसच्या दिवशी. सकाळी निघताना मोबाईल मुद्दाम घरीच ठेवला. मेरी ख्रिसमसचे मेसेज आदल्या रात्रीपासून येत होते... सगळे फॉरवर्ड केलेले. एकातही माझं नाव नव्हतं. फोन चार्जिंगला लावला, कुलूप लावलं, किल्ली खिशात. एकच किल्ली आहे, दुसरी विमलच्या हातून कधीच हरवली.

दवाखान्यातल्या टेक्निशियननं सुई टोचताना विचारलं, "अंकल, आज तर तुमचा सण आहे ना? सोबत कोणी नाही आलं?"

"सगळे चर्चला गेलेत," मी म्हणालो.

समोरच्या बेडवरच्या बाईंच्या तीन सुना बाहेर डबे घेऊन बसल्या होत्या. माझ्या बाजूची खुर्ची रिकामी होती. नऊ वाजता आमच्या चर्चमध्ये उपासना सुरू होते. मी घड्याळ पाहिलं, मग नळीतून फिरणारं स्वतःचं रक्त पाहत राहिलो. एक मुद्दाम सांगतो — मी प्रार्थना केली नाही. कोणी यावं असं काही मागितलं नाही. नुसता पडून होतो.

साडेअकराला ऑटोतून उतरलो तर घराच्या पायरीवर एक बाई बसलेली. केस पांढरे झालेले. मी ओळखलंच नाही. ती उठली आणि म्हणाली, "किती वाळला गा दादा!"

तिनंच माझ्या हातातून किल्ली घेतली, कुलूप उघडलं, मला खाटेवर बसवलं. पाणी दिलं. मग माझ्या पायाशी बसून रडायला लागली.

"आई माझं नाव घेत होती हे तू इतके वर्षं काहून नाही सांगितलं?"

मी म्हणालो, "तुला कोणी सांगितलं?"

"आता मलेच विचारून राहिला? तूच तं सांगितलं सकाळी! मी भाजी निवडून राहिली होती, सव्वानऊला तुया फोन आला. नाव पाहून वाटलं, दादा गेला का काय आणि दुसरंच कोणी कळवून राहिलं. तं तूच बोलला." तिनं डोळे पुसले. "म्हणाला, सुलू, मी तुले मुद्दाम नाही कळवलं. आई तुयी वाट पाहून राहिली होती आणि मी तिले खोटं सांगितलं. मले क्षमा कर. मग किडनीचं सांगितलं. म्हणाला, मले तुयी गरज आहे. मी तशीच उठली आणि बस पकडली."

तिनं मोबाईल दाखवला. 'दादा'. माझाच नंबर. नऊ वाजून चौदा मिनिटं. बोलणं अकरा मिनिटं.

माझा फोन होता तिथेच होता, चार्जिंगला. त्यात शेवटचा केलेला कॉल दोन दिवसांपूर्वीचा, ऑटोवाल्याला.

त्या दिवशी मी तिला खरं सांगितलं नाही. भीती वाटली... सांगितलं तर ती उठून जाईल. तिनं वरण-भात लावला, आम्ही जेवलो, आणि विमल गेल्यापासून पहिल्यांदाच त्या घरात दोन ताटं विसळली गेली. माझ्या तोंडी मात्र चव नव्हती. जे मी मागितलंच नव्हतं, ते मी मागितलं समजून ती देत होती.

तपासण्या झाल्या. किडनी जुळली. तिच्या नवऱ्यानं — ज्याचं तोंड मला बघायचं नव्हतं त्यानं — सगळ्या कागदांवर मुकाट्यानं सह्या केल्या. ऑपरेशनच्या चार दिवस आधी दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघंच बसलो होतो. तेव्हा मला राहवेना.

"सुलू, तो फोन मी केला नव्हता."

सगळं सांगितलं. मोबाईल घरी, कुलूप, मी मशीनवर.

"मंग कोणं केला?"

"माहीत नाही."

"आई खरंच माझं नाव घेत होती?"

"हो. ते खरं आहे. सगळंच खरं आहे, फक्त मी बोललो नव्हतो."

"मंग आता बोल," ती म्हणाली. "तुया तोंडानं बोल."

कॉरिडॉरमध्ये माणसं येत-जात होती. मी म्हणालो, "सुलू, मला क्षमा कर. मला तुझी किडनी दे."

"घे," ती म्हणाली. भाकरी पुढे सरकवावी तशी.

ऑपरेशनला आता दोन वर्षं होतील. ती काटोलला आहे, बरी आहे. मीही बरा आहे. घरात अजून एकटाच असतो, संध्याकाळ लवकर सरत नाही, पण रविवारी तिचा फोन येतो.

मोबाईल कंपनीकडून त्या महिन्याच्या कॉलची यादी काढून आणली, त्यात तो कॉल नाही. एक ओळखीचे डॉक्टर म्हणाले, आजारात माणसाला भ्रम होतो. मान्य. पण फोन काटोलला वाजला. कोणी चेष्टा केली म्हणावं, तर आईचं कोणाला ठाऊक होतं?

परवा मी सुलूला पुन्हा विचारलं, "आवाज नक्की माझाच होता?"

"तुयाच होता दादा. पण तू नेहमी घाईत बोलतं ना, तसा नव्हता. तुयं सांगून दोन मिनिटांत झालं होतं. मंग मी रडत राहिली. अन् तू फोन ठेवला नाही. माझं रडून होईस्तोवर तसाच थांबला."

म्हणजे अकरातली नऊ मिनिटं नुसती ती रडत होती आणि पलीकडे कोणीतरी ऐकत थांबलं होतं. तो मी नव्हतो. कोण होतं, हे मला आजही सांगता येत नाही.