नवरीला झोपू द्या

माझ्या मुलीच्या लग्नाच्या सकाळचं वेळापत्रक मी तीन वेळा लिहून काढलं. शाळेत वर्षानुवर्षं तासांचं वेळापत्रक माझ्याच गळ्यात असायचं, त्यामुळे हात बसलेला होता. सात वाजता नवरी उठेल. सव्वासातला चहा, सोबत कोणी नाही. आठला मऊ भात, तूप, मेतकूट. साडेआठ ते नऊ तिच्या खोलीत कोणीही जायचं नाही. ही शेवटची ओळ लाल पेनाने लिहिली होती. माझ्या यजमानांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "भरारी पथक पण येणार आहे का?"

मला हसू आलं नाही. मुलीला आठवीपासून अर्धशिशीचा त्रास आहे. झोप मोडली, पोट रिकामं राहिलं, वर कोणी कानाशी मोठ्याने बोललं की डावं कानशील ठणकायला लागतं, आणि मग दिवसच्या दिवस वाया जातो. साखरपुड्याच्या दिवशी हे तिन्ही झालं. पहाटे चारला उठवलं, पार्लरवालीने तीन तास बसवलं, खायचं राहून गेलं, आणि कार्यालयात स्पीकर लागला. अंगठी घालून झाल्यावर ती कोठीच्या खोलीत तांदळाच्या पोत्यावर पदराने डोळे झाकून बसली होती. मी तिला म्हणाले, "एवढा एक तास सहन कर, लोक काय म्हणतील." ती उठली, बाहेर आली, फोटोंसाठी हसलीसुद्धा. ते फोटो मला आजही बघवत नाहीत. आई असून मी असं कसं म्हटलं, हा विचार त्यानंतर बरेच दिवस मला छळत होता.

आणि मी तसं का म्हटलं तेही सांगून टाकते. सासरच्या मोठ्या माणसांना आम्ही हे दुखणं सांगितलंच नव्हतं. जावयाला सगळं ठाऊक होतं, पुण्यात दोघं एकाच ऑफिसात. पण त्याच्या घरची माणसं जतकडची, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेली, आता शेतीही करणारी. त्यांना वाईच्या मास्तरीणबाईची मुलगी आधीच नाजूक वाटत असणार, असं मी आपलं मनाशी धरलं होतं. लग्न ठरवताना मुलीच्या आजाराचा विषय काढू नये हे मला कोणी शिकवलं नव्हतं, तरी मला ते बरोब्बर येत होतं.

तर लग्नाची सकाळ शांत जायला हवी होती. बँड अकरानंतर. पार्लरवाली एकच, तीही कमी बोलणारी, शोधून आणली. माझ्या माहेरच्या बायकांना वेगळी खोली, लांबची. मुहूर्त पावणेबाराचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हळद आदल्या संध्याकाळी. आमच्याकडे तशीच पद्धत. वऱ्हाड आदल्या दिवशी येतं, सीमांतपूजन होतं, नवऱ्याची उष्टी हळद नवरीला लागते, रात्री लवकर झोप. मी वेळापत्रकात ‘संध्याकाळी सहा, हळद’ असं लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेले. जतच्या मंडळींना विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. जगात सगळीकडे वाईसारखंच लग्न होतं, असं आम्हा वाईकरांना वाटतं.

आदल्या संध्याकाळी सहा वाजले. पाट मांडलेला, भोवती रांगोळी, सवाशिणी नटूनथटून बसलेल्या, मुलगी पिवळ्या साडीत. वऱ्हाडाचा पत्ता नाही, हळद नाही. साडेसहाला मी जावयाच्या आत्याबाईंना फोन लावला. त्या घरातल्या सगळ्यात थोरल्या, लग्नाची सूत्रं त्यांच्याच हातात.

"हळद?" त्या म्हणाल्या. "आवं इनबाई, हळद उद्या पहाटं लावायची. आमच्यात आदी देवाला, मग नवऱ्याला, आन मग उष्टी घिऊनच गाड्या निघत्यात. धा वाजंपतुर येतोय की आमी."

दहा! हळद लागल्याशिवाय नवरीची अंघोळ नाही, अंघोळीशिवाय गौरीहराची पूजा नाही. म्हणजे दहापासून पावणेबारापर्यंत हळद, अंघोळ, पूजा, साडी, केस, दागिने, आणि दारात पन्नास बायका. माझं वेळापत्रक तिथेच कोसळलं. मी फोन ठेवला आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन हळदीचा डबा काढला. वाटीत हळद, त्यात दूध. "हीच लावू या," मी यजमानांना हळू आवाजात म्हटलं. "कोणाला काय कळतंय?"

मुलगी दारात उभी होती. "मला कळेल ना," ती म्हणाली. "आई, खोटी हळद नको. डोकं दुखलं तर दुखू दे. साखरपुड्याला काढलंच की." बोलता बोलता तिचा हात डाव्या कानशिलाकडे गेला. दुखत नव्हतं अजून. पण ते दुखणार, याची ती तयारी करायला लागली होती, आणि ती तयारी करायला मीच तिला शिकवलं होतं. मला स्वतःचा इतका राग आला की हातातली वाटी मी ओट्यावर आपटली.

मी पुन्हा फोन लावला. या वेळी अंगणात जाऊन. म्हटलं, आत्याबाई, एक गोष्ट तुमच्यापासून लपवली आहे. आठवीपासूनचं सगळं सांगितलं. झोपेचं, भुकेचं, आवाजाचं. शेवटी म्हटलं, "लग्नाआधी सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

 पलीकडे कुठेतरी शेळी ओरडत होती.  आता लग्न मोडतंय की काय, इथवर माझी मजल गेली.

"म्हाईत हाय मला," आत्याबाई म्हणाल्या.

"काय?"

"साखरपुड्याला मी कोठीत तांब्या घ्यायला आले हुते. पोरगी अंधारात बसल्याली. तुमी तिला काय म्हणला त्ये बी ऐकलं. भाईर जाऊन त्या स्पीकरवाल्याला दम दिला, आवाज कमी कर म्हनून. म्हटलं, इनबाई सांगतील तवा सांगतील."

मी अंगणाच्या पायरीवर बसले.

"आवं, आमी मेंढरं राखल्याली मानसं," त्या पुढे म्हणाल्या. "कळपात एखादं मान टाकून चालाय लागलं तर राखणाऱ्याला आदी सांगाया पायजे. न्हाईतर त्यो त्येला बी समद्यांसंगं हाकतोय. एवढंच चुकलं तुमचं."

माझ्या मुलीला मेंढराच्या जोडीला बसवलेलं एरवी मला खपलं नसतं. त्या संध्याकाळी मी फोन कानाला लावून पायरीवर बसून राहिले आणि ढसाढसा रडले. सुटल्यासारखं वाटलं. यजमान पाणी घेऊन आले, त्यांना वाटलं लग्न मोडलं.

आत्याबाईंनी पद्धत मोडली नाही, फक्त घड्याळ पुढे आणलं. देवाची आणि नवऱ्याची हळद त्यांनी त्याच संध्याकाळी उरकली, आणि वऱ्हाडाची वाट न बघता चार बायकांना घेऊन स्वतः जीपने निघाल्या. सकाळी सातला मी दात घासत होते तर फाटकाशी जीप. उतरल्या उतरल्या त्यांनी ड्रायव्हरला कानडीत काहीतरी बजावलं, तशी त्याने दारं न आपटता लावली. कापडात बांधलेला हळदीचा डबा त्यांच्या मांडीवरून हलला नसावा.

"उठली का नवरी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उठवते. "झोपू द्या तिला," त्या म्हणाल्या. "हळद कुटं उडून चालली?"

मग एक गंमतच झाली. त्या पाच बायका, ज्यांचा आवाज माळावरून पलीकडच्या वस्तीला ऐकू जात असेल, आमच्या पडवीत बसून कुजबुजत चहा पीत होत्या. एकीला शिंक आली तर तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. माझ्या माहेरच्या बायका धावत आल्या, त्यांनाही आत्याबाईंनी नुसत्या नजरेने बसवलं. मला जे लाल पेनाने जमलं नव्हतं ते त्यांच्या भुवईने झालं.

मुलगी साडेसातला आपणहून उठली. भात खाल्ला, दोनदा तूप मागितलं. मग हळद लागली. हळदीची गाणी म्हणायलाच हवीत, त्याशिवाय कशी लावायची? पण ती त्यांनी ओव्या म्हणाव्यात तशी खालच्या सुरात म्हटली, आणि मी एवढी लग्नं पाहिली पण हळदीच्या गाण्याचे शब्द पहिल्यांदाच मला नीट ऐकू आले. पावणेबाराला अक्षता पडल्या. अंतरपाट दूर झाला तेव्हा मी फक्त मुलीचे डोळे बघितले. स्वच्छ होते, टक्क उघडे. मला एवढंच हवं होतं.

दुपारी पाठवणीच्या वेळी सगळ्यांनी माझ्यासाठी रुमाल तयार ठेवले होते. आत्याबाईंनी मला बाजूला घेतलं. देवदर्शन आणि गोंधळासाठी मुलगी आठवडाभर जतलाच राहणार होती.

"तिची गोळी कंची?" त्यांनी विचारलं.

मी पर्समधून पाकीट काढलं. दुखायला सुरुवात झाली की लगेच एक, पाण्याबरोबर, आणि मग अंधारात झोपायचं, असं सांगितलं. त्यांनी ते शाळेतल्या मुलीसारखं माझ्यासमोर म्हणून दाखवलं आणि पाकीट कमरेच्या चंचीत ठेवलं. गेली कितीतरी वर्षं ती गोळी या जगात फक्त मुलीच्या नि माझ्या पर्समध्ये होती.

"आनकी एक द्या," त्या म्हणाल्या. "एक घरात ऱ्हाऊ दे, एक रानातल्या वस्तीवर."

मी पर्स उपडी केली आणि होती नव्हती तेवढी पाकिटं त्यांच्या ओंजळीत दिली.